हप्ते त्याने थकवले, फोन तुम्हाला येतात: संयुक्त कर्जाच्या वसुलीला तोंड कसं द्यायचं

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, ‘फ्लॅटचं कर्ज पती फेडेल.’ दोघांच्या सह्या, कोर्टाचा शिक्का, सगळं जागच्या जागी. मग वर्ष-दीड वर्षाने एक दिवस फोन येतो: ‘मॅडम, तुमच्या होम लोनचे तीन हप्ते थकलेत. आज भरताय का उद्या?’ ते कर्ज आता माझं नाही, कोर्टाचा कागद आहे, असं सांगितलं की समोरून उत्तर येतं, ‘कोर्टाचं आम्हाला सांगू नका. सही तुमची आहे.’

बोलण्याची ही रीत चुकीची आहे. पण सहीबद्दल तो म्हणतो ते खरं आहे, आणि ते मान्य करूनच पुढची प्रत्येक पायरी चढावी लागते. कर्ज देणाऱ्याचा तुमच्यावरचा हक्क हा एक हिशोब, आणि तुमचा पूर्वीच्या जोडीदारावरचा हक्क हा दुसरा. पहिला बँकेशी मिटवायचा, दुसरा न्यायालयात. लोक अडकतात ते दोन्ही एकाच फोनवर मिटवायला जातात म्हणून. वसुलीवाल्याला संसाराची सगळी कहाणी सांगून होते, आणि बँकेला मात्र एक ओळ लेखी गेलेली नसते.

नाशकात नेहमी दिसणारं चित्र असं: सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नोकरी, दोघांचे पगार जोडून पाथर्डी फाट्याला किंवा गंगापूर रोडला फ्लॅट, फर्निचरसाठी दोघांच्या नावावर पर्सनल लोन, आणि नवऱ्याच्या धंद्यासाठी घेतलेल्या पतसंस्थेच्या कर्जाला बायको जामीनदार. नातं मोडतं तेव्हा कळतं की या तीन कर्जांचे तीन रस्ते आहेत. मी खाली बाईच्या बाजूने लिहिते आहे, कारण कागदांची पिशवी घेऊन समोर बसणाऱ्यांत बायका जास्त असतात. थकवणारी पत्नी आणि फोन घेणारा पती असेल तरी बहुतेक सगळं तसंच लागू होतं. फरक आहे तिथे सांगेन.

आधी स्वतःची सही शोधा

‘माझं नाव आहे म्हणे त्या कर्जात’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. नाव कोणत्या नात्याने आहे ते बघा.

सहकर्जदार असाल तर पूर्ण कर्ज तुमचं आहे, अर्धं नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ४३ नुसार, अनेकांनी मिळून दिलेलं वचन कोणाही एकाकडून पूर्ण करून घेता येतं. बँक म्हणूनच पगार नियमित येणाऱ्याच्या मागे आधी लागते. ‘मी माझा निम्मा वाटा भरते, उरलेलं त्याच्याकडून घ्या’ हा सौदा बँकेवर बंधनकारक नाही. बँकेने स्वतःहून लेखी मान्य केला तरच तो लागू होतो.

जामीनदार असाल तर कलम १२८ प्रमाणे तुमची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं म्हणण्याचा हक्क साधारणपणे नसतो. पण जामीनदाराला एक संरक्षण आहे. तुमच्या संमतीशिवाय बँकेने आणि कर्जदाराने कर्जाच्या अटी बदलल्या, तर कलम १३३ खाली त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तुमचा जामीन सुटतो. कर्जाचं पुनर्गठन (हप्ते किंवा मुदत बदलून नवी मांडणी) झालं होतं का आणि त्यावर तुमची सही घेतली होती का, हे जरूर तपासा. करारातच तुम्ही अशा बदलांना आधीच संमती दिली आहे का, हेही तिथेच वाचा.

फ्लॅटच्या खरेदीखतात नाव आहे पण कर्जाच्या करारात सही नाही, असं सहसा होत नाही. बँका सहमालकाला सहकर्जदार करूनच घेतात. तरी झालंच असेल तर वकिलाला दाखवा. आणि कुठेच सही नसेल, तर निव्वळ बायको होता म्हणून त्याचं पर्सनल लोन तुमच्या अंगावर येत नाही. फोनवर कितीही ठासून सांगितलं तरी.

हे कळायला कर्जाचा करार, मंजुरीपत्र आणि खात्याचा संपूर्ण उतारा हवा. मोबाइलवर ओटीपी देऊन केलेली ई-सही ही सहीच असते, म्हणून ‘मी कागदावर सही केलीच नाही’ म्हणण्याआधी जुने मेसेज बघा. सही खरोखर तुमची नसेल तर ते पहिल्याच पत्रात लिहा. उशिरा घेतलेल्या हरकतीला कोणी फारसं मोजत नाही.

हुकूमनामा बँकेला का लागू होत नाही

कारण बँक त्या खटल्यात पक्षकार नव्हती. तुम्ही दोघांनी आपसात काहीही ठरवलं तरी तिसऱ्याचा हक्क त्यामुळे जात नाही. त्या कागदाची किंमत शून्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. दुसऱ्या हिशोबात, म्हणजे त्याच्याकडून पैसे परत घेताना, तोच कागद तुमचं सगळ्यात मोठं बळ आहे. त्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा.

फोनवर काय बोलायचं

कमी बोला. पहिल्या फोनला पुरेसं बोलणं एवढंच:

‘तुमचं पूर्ण नाव, एजन्सीचं नाव आणि कर्जखात्याचा नंबर सांगा. मी बँकेला लेखी पत्र देते आहे. यापुढे जे काही असेल ते लेखी पाठवा.’

फोन ठेवा आणि लगेच वहीत तारीख, वेळ, नंबर, नाव आणि तो जे बोलला ते शक्यतो त्याच्याच शब्दांत उतरवा. फोन रेकॉर्ड करता आला तर करा आणि मूळ रेकॉर्डिंग त्याच मोबाइलवर राहू द्या. पुढे पुरावा म्हणून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह द्यावं लागतं.

‘बघते’, ‘पुढच्या महिन्यात पाच हजार टाकते’, ‘दिवाळीनंतर बघू’ असली वाक्यं टाळा. भिडेपोटी केलेला किरकोळ भरणाही पुढे नडू शकतो. तारण नसलेल्या कर्जासाठी दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षं असते. मुदत संपण्याआधी तुम्ही देणं लेखी कबूल केलंत किंवा थोडी रक्कम भरलीत, तर मुदत कायदा १९६३ च्या कलम १८ आणि १९ प्रमाणे ती तीन वर्षं नव्याने मोजली जातात. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही लेखी कबुली म्हणून पुढे केला जाऊ शकतो. उलट बाजूने एक तरतूद तुमच्या बाजूची आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. कलम २०(२) सांगतं की अनेक सहकर्जदारांपैकी एकाने केलेला भरणा किंवा दिलेली कबुली एवढ्याच कारणाने दुसऱ्याविरुद्धची मुदत वाढत नाही. म्हणजे विभक्त झाल्यावर त्याने मधूनच एखादा हप्ता भरला, म्हणून तुमचं घड्याळ आपोआप मागे जात नाही. कर्ज जुनं असेल तर बँकेला पहिलं पत्र लिहिण्याआधीच वकिलाला तारखा दाखवा. गहाण मालमत्तेवरच्या दाव्याला मात्र बारा वर्षं असतात, त्यामुळे गृहकर्जात या मुद्द्यावर भिस्त ठेवू नका.

आणि पैसे भरायचेच ठरलं, तर ते फक्त कर्जखात्यात. एजंटच्या यूपीआयवर नाही, रोख हातात नाही, ‘साहेबांच्या खात्यात टाका, मी ॲडजस्ट करतो’ तर मुळीच नाही.

बँकेला पत्र

सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा कागद हाच. शाखेत स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. शाखेने पोच नाकारली तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलही करा. मजकूर असा ठेवता येईल:

‘विषय: कर्जखाते क्रमांक ____ बाबत माहिती व संपर्काविषयी.

वरील खात्यात सहकर्जदार म्हणून माझे नाव असल्याचे आपल्या प्रतिनिधीने दि. ____ रोजी फोनवर सांगितले. माझा व श्री. ____ यांचा विवाह दि. ____ रोजी कौटुंबिक न्यायालय, नाशिक यांच्या हुकूमनाम्याने संपुष्टात आला आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. माझा सध्याचा पत्ता, मोबाइल व ईमेल खाली देत असून यापुढील प्रत्येक नोटीस मला याच पत्त्यावर स्वतंत्रपणे पाठवावी.

कृपया कर्जकरार, मंजुरीपत्र, माझ्या सहीची सर्व कागदपत्रे, सुरुवातीपासूनचा खातेउतारा, तसेच मुद्दल, व्याज, दंड आकार व इतर खर्च यांची वेगवेगळी फोड करून आजअखेर थकबाकीचा तक्ता द्यावा. वसुलीचे काम एजन्सीला दिले असल्यास तिचे नाव व अधिकृत व्यक्तींची माहिती लेखी कळवावी.

माझ्याशी संपर्क वरील मोबाइलवर व नियमानुसारच्या वेळेतच करावा. माझे आईवडील, शेजारी व नोकरीचे ठिकाण येथे संपर्क करू नये.

हे पत्र माहिती मागवण्यासाठी आहे. यातून कोणतीही थकबाकी वा तिची रक्कम मी मान्य केली असे समजू नये.’

यातली पत्त्याची ओळ वगळू नका. ज्या फ्लॅटवर कर्ज आहे तिथेच नोटिसा जातात, आणि तिथे आता तो राहतो किंवा कुलूप असतं. ताब्याआधीची साठ दिवसांची नोटीस तिथल्या दारावर चिकटवून बँकेचे लोक परत जातात. तुम्ही आईकडे पंचवटीत राहत असता आणि फ्लॅटच्या ताब्याची जाहिरात पेपरात आल्यावर कोणीतरी तुम्हाला सांगतं. त्या वेळी हातातले बरेच दिवस निघून गेलेले असतात.

उतारा आला की बसून वाचा. कोणत्या महिन्यापासून हप्ता परत गेला, दर वेळी किती आकार लागला, हे पेन्सिलने खुणा करत बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकानुसार थकलेल्या हप्त्यावर दंड म्हणून वाढीव व्याज लावता येत नाही, फक्त दंड आकार लावता येतो आणि त्या आकारावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हा नियम २०२४ पासून लागू आहे. ‘विधी खर्च’, ‘व्हिजिट चार्जेस’ अशा नावाने घातलेल्या रकमांचा आधार मागा. तडजोडीची वेळ येते तेव्हा या रकमा आधी सुटतात.

एक काम त्याच आठवड्यात करा. तुमचा पगार त्याच बँकेत जमा होत असेल तर पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत न्या. करार कायद्याच्या कलम १७१ खालचा आणि करारातल्या कलमांनी दिलेला हक्क वापरून बँक स्वतःकडच्या तुमच्या खात्यातले पैसे कर्जात वळवू शकते. आपला कष्टाचा पगार घरखर्चाला राहावा, ही काळजी रास्त आहे. त्याच्याबरोबर संयुक्त बचत खातं असेल तर तेही बंद करण्याचा अर्ज द्या.

दारात माणूस उभा राहिला तर

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बँका, सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्या या सगळ्यांना बजावलं आहे: थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांच्या, ओळखीच्यांच्या खासगी आयुष्यात घुसखोरी नाही, मोबाइलवर किंवा सोशल मीडियावर अश्लाघ्य मेसेज नाहीत. मायक्रोफायनान्सच्या कर्जात ही वेळ आणखी आखूड, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. एजंटने काहीही केलं तरी जबाबदारी बँकेची राहते, ‘ती एजन्सी वेगळी आहे’ हे बँकेचं उत्तर चालत नाही. एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असायला हवं. तुमची तक्रार बँकेकडे प्रलंबित असताना ते प्रकरण एजंटकडे सोपवणंही २००८ च्या निर्देशांना धरून नाही. म्हणून तक्रार आधी, वाद नंतर.

कोणी दारात आलं तर आत घेऊ नका. जाळीच्या दारामागून ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, दोन्हींचा फोटो काढा आणि सांगा की उत्तर बँकेला लेखी दिलं आहे. सोसायटीच्या वॉचमनला आणि सेक्रेटरीला आधीच कल्पना देऊन ठेवा, लाज वाटून घेऊ नका. वसुलीवाल्यांची सगळी मदार तुमच्या लाजेवर असते. शेजारच्या काकूंना त्यांच्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं, आणि जिन्यातला सीसीटीव्ही तपासायची वेळ आलीच तर त्या काकूच साक्षीला उभ्या राहतात.

‘आज पोलीस घेऊन येतो, अटक करवतो’ ही धमकी सर्रास दिली जाते. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. दिवाणी न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा झाला, तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी स्त्रीला अटक करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ तसं स्पष्ट सांगतं. पगाराची जप्तीसुद्धा न्यायालयाच्या आदेशानेच होते. कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात, भविष्य निर्वाह निधीलाही हात लावता येत नाही. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिनेही याच कलमाने सुरक्षित आहेत. मंगळसूत्राकडे बोट दाखवून बोलणाऱ्या एजंटला हे ऐकवायला हरकत नाही.

पोलिसांकडे जायची वेळ आली तर तुमच्या हद्दीचं ठाणं गाठा, शहरात आयुक्तालयाचं आणि सिन्नर-निफाडकडे ग्रामीण पोलिसांचं. तातडीची वेळ असेल तर ११२. ठाण्यात बहुधा पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘ताई, हे सिव्हिल मॅटर आहे.’ म्हणून अर्जात कर्जाची कहाणी लिहू नका, माणसाच्या वागण्याचं लिहा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण, दारात उभा राहून काय शब्द बोलला. धमकी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये बसते, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द आणि हावभाव कलम ७९ मध्ये, घरात घुसणं कलम ३२९ मध्ये. नुसत्या धमकीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली गेली तरी तिची प्रत घ्या, ती पुढे कामी येते. तक्रार घेतलीच नाही तर तीच लेखी स्वरूपात पोलीस आयुक्तांना किंवा ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना पाठवा.

तक्रार कुठे जाते

बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (हाउसिंग फायनान्स कंपन्या मात्र त्याच्या कक्षेत येत नाहीत). अर्ज रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन होतो, फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. लोकपाल तुमचं कर्ज माफ करणार नाही. पण वसुलीतला छळ, कागद न देणं, चुकीचे आकार यावर तो बँकेला उत्तर द्यायला लावतो, भरपाईही देऊ शकतो. शाखेत ज्या माणसाने महिनाभर दाद दिली नाही, त्याच्याच वरिष्ठांचा फोन अशा अर्जानंतर येतो.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर हा मार्ग बंद आहे, कारण पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येतात आणि तक्रार जाते उपनिबंधकांकडे. इथे अधिक सावध राहा. पतसंस्था आणि नागरी सहकारी बँका कलम १०१ खाली वसुली दाखला मागतात. ही चौकशी संक्षिप्त असते, साक्षीपुराव्याचा लांबलचक खटला होत नाही. नोटीस आल्यावर ठरल्या तारखेला हजर राहून लेखी म्हणणं दिलं नाही, तर दाखला एकतर्फी निघतो. मग कलम १५६ खाली वसुली अधिकारी थेट जप्तीला येऊ शकतो. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण त्यासाठी वसुलीच्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. जामीनदार बायकांचं कंबरडं इथेच मोडतं. कलम १०१ च्या पहिल्या तारखेला जाणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं. जामिनाचा कागद, सहीची तारीख, पुनर्गठन, मूळ कर्जदाराचं तारण आधी का विकलं नाही, हे सगळं तिथेच लेखी मांडा.

पाकिटं ओळखायला शिका

सगळ्याच नोटिसा सारख्या नसतात. वकिलाची नोटीस म्हणजे इशारा. उत्तर द्या, घाबरू नका. राष्ट्रीय लोक अदालतीची, दाखलपूर्व प्रकरणाची नोटीस आली म्हणजे तुमच्यावर खटला झाला असं नाही. ते तडजोडीचं बोलावणं आहे. जा, ऐका, पण दबावाखाली सही करू नका, कारण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.

चेक न वटल्याची, चेकसंबंधीच्या कायद्याच्या कलम १३८ खालची नोटीस आली तर चेकवर सही कोणाची ते आधी बघा. संयुक्त खातं असलं किंवा कर्ज दोघांचं असलं, तरी ज्याने सही केली नाही त्याच्यावर हा खटला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ आणि २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. दोन्ही प्रकरणं पती-पत्नींचीच होती. सही तुमची असेल तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे किंवा वकील, दोन्हींपैकी एक हवं.

लवादाची (न्यायालयाबाहेर वाद ऐकून निवाडा देणाऱ्याची) नोटीस फायनान्स कंपन्या हमखास पाठवतात, लवाद बहुधा दुसऱ्याच शहरातला. दुर्लक्ष करू नका. कंपनीने एकतर्फी नेमलेल्या लवादावर लेखी हरकत घ्या.

गृहकर्जात, बँकेला न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायदा २००२ च्या कलम १३(२) ची नोटीस म्हणजे खरी घंटा. खातं ९० दिवसांहून जास्त थकलं की ते अनुत्पादक (एनपीए) ठरतं आणि त्यानंतर ही नोटीस येते. हातात ६० दिवस असतात. त्या काळात लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई, प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

कर्जाचं काय करायचं

माझं स्पष्ट मत: फ्लॅट असेल आणि दोघांपैकी एकालाही एकट्याच्या पगारावर हप्ता झेपत नसेल, तर बँकेच्या लिलावाआधी तो स्वतः विका. लिलावात भाव पडतो, खर्च वाढतो आणि उरलेली बाकी पुन्हा तुमच्याच नावावर राहते. घराशी मन गुंतलेलं असतं, मुलांची शाळा जवळ असते, हे मला कळतं. पण थकलेला प्रत्येक महिना तुमच्याच वाट्यातून जातो. विक्रीला त्याची सही लागते. तो अडवून धरत असेल तर न्यायालयातून विक्रीचा आदेश मागता येतो, आणि त्याने सही नाकारल्याचा लेखी पुरावा तिथे उपयोगी पडतो.

फ्लॅट तुम्हालाच ठेवायचा असेल तर कर्ज एकटीच्या नावावर घ्यावं लागेल. बँक तुमचं उत्पन्न नव्याने तपासते. नाही म्हणाली तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवण्याचा प्रयत्न करा. वैयक्तिक कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. घटस्फोट अजून व्हायचा असेल तर एक गोष्ट वेळेत करा. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, इतर आकार वेगळे. हुकूमनामा झाल्यावर तुम्ही पती-पत्नी उरत नाही आणि ही सवलतही उरत नाही. बँकेच्या ना हरकतीसह हा दस्त आधी करून घ्या.

पर्सनल लोनमध्ये बऱ्याचदा तडजोड होते. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीचं, रक्कम आणि तारखांसह हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका. त्यात ‘पूर्ण कर्जखात्याची अंतिम तडजोड’ असे शब्द हवेत. तुमच्या ‘वाट्या’पुरती तडजोड असेल तर ‘यापुढे श्रीमती ____ यांच्यावर कोणतंही देणं नाही’ हे वाक्य हवंच. हे त्याच्या बाजूनेही लक्षात ठेवा. करार कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे बँकेने एका सहकर्जदाराला मोकळं केलं तरी दुसरा सुटत नाही. ‘मी माझं मिटवलं’ असा त्याचा मेसेज आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

त्याच्याकडून वसुली

आता दुसरा हिशोब. तुम्ही भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती, खात्यातून गेल्याची नोंद आणि बँकेचं पत्र एका फाइलमध्ये ठेवा. भरण्याआधी त्याला नोटीस द्या: हप्ते तुम्ही भरायचे होते, भरले नाहीत, नाइलाजाने मी भरते आहे आणि ते तुमच्याकडून वसूल करेन. ही नोटीस पुढे मोठं काम करते.

समजा, उरलेले ३,६०,००० रुपये तुम्ही भरून टाकले. काहीच ठरलेलं नसेल तर करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे निम्मे, १,८०,००० रुपये त्याच्याकडून मागता येतात. घटस्फोटाच्या वेळी दोघांनी न्यायालयात दिलेल्या संमतीच्या अटींत ‘कर्ज पती फेडेल’ असेल तर सगळेच. जामीनदार म्हणून भरलं असेल तर कलम १४५ प्रमाणे पूर्ण रक्कम, आणि कलम १४० प्रमाणे बँकेकडे असलेल्या तारणावरचे हक्कही तुमच्याकडे येतात. हुकूमनाम्यात जबाबदारी लिहिलेली असेल तर नवा दावा लावण्याआधी त्याच न्यायालयात अंमलबजावणीची दरखास्त करता येते का ते वकिलाला विचारा. ते लवकर होतं. नवा दावा लागणारच असेल तर भरल्यापासून तीन वर्षांच्या आत करा.

घटस्फोट झालेला नसेल आणि तो मुद्दाम हप्ते थकवून तुम्हाला घराबाहेर काढू पाहत असेल, तर ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळात मोडतं. घराच्या संरक्षणाचा आणि आर्थिक मदतीचा आदेश न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मागता येतो. वकिलाच्या फीची अडचण असेल तर नाशिक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, पुरुषांना ती आहे. १५१०० वर फोन करूनही सुरुवात करता येते.

संमतीच्या अटी अजून लिहायच्या असतील तर ‘कर्ज पती फेडेल’ एवढ्यावर सही करू नका. खातेक्रमांक, उरलेली रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत तुमचं नाव कर्जातून काढायचं, दोन हप्ते थकले तर फ्लॅट विकायला त्याची आगाऊ संमती, आणि तुम्ही भरलेली रक्कम व्याजासह परत करण्याची हमी, हे सगळं त्यात नावनिशीवार येऊ द्या. दर महिन्याचा खातेउतारा तुम्हाला मिळेल, हेही लिहा.

सिबिल आणि शेवटचे कागद

त्याने थकवलेला हप्ता तुमच्याही अहवालात दिसतो. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेकीचा मागवला तर वर्षभर लक्ष राहतं. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तडजोडीने बंद झालेलं खातं अहवालात ‘सेटल्ड’ दिसतं, आणि नवं कर्ज मागताना ते आडवं येतं. पुढे स्वतःच्या नावावर घर घ्यायचा विचार असेल आणि ऐपत असेल, तर थोडं जास्त भरून ‘क्लोज्ड’ करून घेणं परवडतं.

कर्ज संपलं की बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला, वापरले न गेलेले सहीचे चेक आणि गहाण ठेवलेले मूळ कागद मागा. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मालमत्तेचे मूळ कागद परत देणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. मूळ खरेदीखत एकट्या त्याच्या हाती पडू नये म्हणून, दोघांच्या उपस्थितीतच किंवा तुमच्या लेखी संमतीनेच कागद द्यावेत, असं पत्र शेवटचा हप्ता भरण्याआधीच शाखेत देऊन त्याची पोच घ्या.